विश्लेषण : भरवस्तीत घातक विषाणूंची प्रयोगशाळा उभारतात कशी? हवा, सांडपाणी आणि वीज यांवर सगळे का अवलंबून असते?

केरळमध्ये निपाचा संशयित रुग्ण आढळला की त्याचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे (एनआयव्ही) पाठवल्याची बातमी येते. हे नमुने पुण्यात नेमके जातात कुठे? तर पाषाण भागात, सूस रस्त्यावरच्या संकुलात. एकेकाळी पाषाण शहराच्या कडेला होते. आता ते पुण्याचाच भाग आहे आणि सूस रस्त्याच्या आजूबाजूला दाट वस्ती आहे. याच रस्त्यावर मानवी आजारांच्या संशोधनासाठी देशातील सर्वोच्च सुरक्षा पातळीची, म्हणजे ‘बीएसएल-४’ प्रयोगशाळा एका तपाहून अधिक काळ उभी आहे. नागपुरातही अशाच दर्जाची प्रयोगशाळा नियोजित आहे. मग प्रश्न पडतो, की उपचार नसलेल्या आजारांचे विषाणू हाताळणारी इमारत शहरात बांधायचीच कशासाठी? ती बांधताना नेमके काय वेगळे करावे लागते? आणि शेजारी राहणाऱ्यांना कोणी काही विचारते का?

बीएसएल-४ म्हणजे नेमके काय?

‘बीएसएल’ म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल, मराठीत जैवसुरक्षा पातळी. अशा चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर निरोगी माणसाला सहसा आजारी न पाडणारे जंतू हाताळतात. महाविद्यालयाची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा साधारण या गटात येते. दुसऱ्या पातळीवर डेंग्यू, कावीळ-ब यांसारखे, ज्यांचा धोका आहे पण जे सहसा हवेतून पसरत नाहीत असे जंतू. रुग्णालयांच्या बहुतेक प्रयोगशाळा याच पातळीवर काम करतात. तिसऱ्या पातळीवर क्षयरोगासारखे, श्वासावाटे शरीरात शिरून गंभीर आजार करणारे जंतू येतात. चौथी पातळी इबोला, मारबर्ग, निपा, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप अशा विषाणूंसाठी राखीव असते. त्यांच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मोठे असते आणि बहुतेकांवर खात्रीची लस किंवा औषध नसते.

पातळी वाढते तसा शास्त्रज्ञाचा पोशाख बदलतो, हे आपण छायाचित्रांत पाहतो. फुगलेला सूट, छतातून लोंबणारी हवेची नळी, जाड हातमोजे. पण खरा बदल इमारतीत होतो. दुसऱ्या पातळीची प्रयोगशाळा एखाद्या चांगल्या इमारतीत, काही खोल्यांची डागडुजी करून तयार करता येते. चौथ्या पातळीसाठी मात्र इमारतच एक यंत्र म्हणून बांधावी लागते.

अशी प्रयोगशाळा गावाबाहेर का नाही?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर आजाराच्या स्वरूपात दडलेले आहे. साथीच्या संशोधनाला तीन गोष्टी वेळेत लागतात : रुग्णाचे नमुने, ते हाताळणारी प्रशिक्षित माणसे आणि चोवीस तास चालणारी वीज-पाणी व्यवस्था. विमानतळ, मोठी रुग्णालये, विद्यापीठे, यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ हे सगळे शहरात असते. दुर्गम माळरानावर प्रयोगशाळा नेली तर वस्तीपासूनचे अंतर वाढते. पण वीज गेल्यावर दुरुस्तीला लागणारा वेळही वाढतो, नमुन्यांचा रस्त्यावरचा प्रवास लांबतो आणि अनुभवी माणसे टिकत नाहीत.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत लशीवर काम सुरू केले आणि जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच. पुण्यातील एनआयव्हीची सुरुवात १९५२ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि रॉकफेलर फाऊंडेशन यांच्या सहकार्याने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून झाली. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू १९५७ मध्ये इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधला.

पाषाण येथील बीएसएल-४ प्रयोगशाळा २८ डिसेंबर २०१२ रोजी कार्यान्वित झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याच्या जवळपास दोन वर्षे आधी, जानेवारी २०११ मध्ये, गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाचे रुग्ण आढळले होते आणि उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका यांनाही तो आजार झाला होता. अशी वेळ आल्यावर परदेशी प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहणे देशाला परवडणारे नव्हते. कोव्हिडकाळात एनआयव्हीनेच करोना विषाणू वेगळा केला आणि तोच पुढे ‘कोव्हॅक्सिन’ लशीसाठी वापरला गेला. शहरात प्रयोगशाळा का, या प्रश्नाचे हे व्यावहारिक उत्तर. पण त्यामुळे शेजाऱ्याची शंका गैरवाजवी ठरत नाही.

‘इमारतीच्या आत इमारत’ कशी असते?

बीएसएल-४ ची मूळ कल्पना ‘डब्यात डबा’ अशी आहे. सर्वांत आतला डबा म्हणजे प्रत्यक्ष विषाणू हाताळण्याच्या खोल्या. त्याभोवती कर्मचाऱ्यांचा कपडे बदलण्याचा व स्नानाचा पट्टा, त्याभोवती सेवा मार्गिका आणि सर्वांत बाहेर नेहमीची इमारत. त्यामुळे प्रयोगशाळेची भिंत थेट रस्त्याला किंवा उन्हा-पावसाला लागलेली नसते.

खोल्यांच्या वर आणि खाली यंत्रसामग्रीचे मजले असतात. वर हवा आत आणणारी-बाहेर नेणारी यंत्रे, गाळण्या आणि डक्ट. खाली सांडपाण्याच्या टाक्या आणि ते उकळणारी यंत्रणा. म्हणजे बाहेरून तीन-चार मजली दिसणाऱ्या इमारतीत प्रत्यक्ष संशोधन जेमतेम एका मजल्यावर चालते. शहरात जागेचा भाव पाहता हा हिशेब डोळे पांढरे करणारा वाटतो, पण यात काटकसर करता येत नाही. गाळणी बदलायला आलेला तंत्रज्ञ प्रयोगशाळेत न शिरता काम करू शकला पाहिजे, हे त्यामागचे कारण.

बांधकामातला सर्वांत किचकट भाग छिद्रांचा. साध्या घरात एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडतात आणि उरलेली फट सिमेंटने लिंपतात. इथे प्रत्येक वायर, नळी, दिव्याचा खोका, अग्निशमनाची तोटी भिंतीतून जाते तिथे खास सील लागते. काँक्रीटला जाताना बारीक भेगा पडतातच. त्यामुळे त्यावर इपॉक्सीसारखे लवचिक, रसायनांना दाद न देणारे लेपन करतात. कोपरे गोलाकार ठेवतात, म्हणजे पुसताना काही शिल्लक राहत नाही. काम झाल्यावर खोली बंद करून त्यातील हवेचा दाब बदलतात आणि तो किती वेळ टिकतो हे मोजतात. दाब ठरल्यापेक्षा लवकर घसरला तर कुठेतरी गळती आहे. मग ती फट शोधायची, बुजवायची आणि चाचणी पुन्हा करायची.

हवा आतच कशी राहते?

स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला, की दार आपोआप आत ओढले जाते. फॅन हवा बाहेर फेकतो, आतला दाब थोडा कमी होतो आणि फटींतून बाहेरची हवा आत येऊ लागते. प्रयोगशाळेत हेच तत्त्व काटेकोरपणे वापरतात. बाहेरच्या मार्गिकेपेक्षा कपडे बदलण्याच्या खोलीत दाब कमी, त्यापेक्षा स्नानगृहात कमी आणि प्रयोगशाळेत सर्वांत कमी. दार उघडले किंवा बारीक फट राहिली तरी हवा आतच जाते, बाहेर येत नाही.

हा फरक किती असतो? उदाहरणादाखल दोन खोल्यांमध्ये २५ पास्कलचा फरक धरू. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, त्यापुढे हे नगण्य वाटेल. पण दोन चौरस मीटरच्या दारावर त्याचा जोर सुमारे पाच किलो वजनाइतका पडतो. दार उघडताना हाताला जाणवेल इतका.

बाहेर पडणारी हवा ‘हेपा’ गाळण्यांतून जाते. अशी गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवते. करोनाचा विषाणू तर सुमारे ०.१ मायक्रॉनचा, मग तो सुटणार नाही का? इथे अंदाज चुकतो. गाळणीचे काम चाळणीसारखे चालत नाही. फार लहान कण हवेत सरळ न जाता इकडेतिकडे भरकटतात आणि गाळणीच्या धाग्यांना चिकटतात. मोठे कण वळण न घेता आल्याने आदळतात. अडवायला सर्वांत अवघड असतो तो मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण. म्हणून परीक्षा त्याच आकारावर घेतात. बीएसएल-४ मध्ये बाहेर जाणारी हवा अशा दोन गाळण्यांतून एकामागोमाग जाते. कागदावरचा हिशेब केला तर एक कोटी कणांपैकी जेमतेम एक पलीकडे जाईल. अर्थात हा हिशेब गाळणी शाबूत आणि नीट बसवलेली असेल तरच खरा. म्हणूनच बसवल्यावर आणि नंतर ठरावीक काळाने तिची जागेवर चाचणी करावी लागते.

ही हवा पुन्हा वापरता येत नाही. घरातला एसी तीच हवा परत परत थंड करतो. इथे थंड केलेली हवा गाळून बाहेर फेकून द्यावी लागते. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच खोलीतील हवा तासाला बारा वेळा बदलायची तर तासाला २,१६० घनमीटर हवा लागते. पुण्यातल्या उन्हाळ्यात ३८ अंशांची ही हवा १४ अंशांपर्यंत थंड करायची, तर ढोबळ हिशेबाने दीड टनाचे तीन ते चार एसी सतत चालवण्याइतकी क्षमता केवळ या एका खोलीच्या हवेसाठी हवी. यंत्रांची उष्णता, पावसाळ्यातली आर्द्रता वेगळी. आणि रात्री कुणी काम करत नसले तरी ही यंत्रणा बंद करता येत नाही.

डक्ट आणि गाळणीचे महत्त्व जगाला कळायला एक मृत्यू कारणीभूत ठरला. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम शहरात, विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत १९७८ मध्ये देवीच्या विषाणूवर संशोधन सुरू होते. त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार महिलेला देवी झाली आणि ११ सप्टेंबर १९७८ रोजी तिचा मृत्यू झाला. जगातील देवीचा हा शेवटचा ज्ञात बळी. चौकशी समितीने विषाणू इमारतीतील डक्टमधून वर गेला असण्याची शक्यता वर्तवली. पुढे न्यायालयात ते सिद्ध झाले नाही आणि विद्यापीठ निर्दोष सुटले. संसर्ग नेमका कसा झाला यावर आजही एकमत नाही. पण नेहमीच्या इमारतीतील एका खोलीत घातक विषाणू ठेवण्याची पद्धत पुढे टिकणे शक्य नव्हते.

सांडपाण्याचे काय?

शेजाऱ्यांना हवेची भीती अधिक वाटते, पण इमारतीबाहेर जाणारी दुसरी वाट ड्रेनेजची असते. बीएसएल-४ मधून बाहेर पडताना शास्त्रज्ञ सूटसह जंतुनाशकाच्या शॉवरखाली उभा राहतो, मग सूट काढून साध्या पाण्याने स्नान करतो. जंतुनाशकाचे हे पाणी आणि बेसिनचे पाणी महापालिकेच्या मैलावाहिनीत थेट सोडता येत नाही. ते तळमजल्याखालच्या बंद टाक्यांत साठवून उच्च तापमानाला, सहसा १२१ अंश किंवा त्याहून अधिक, ठरावीक वेळ तापवतात. मग थंड करून सोडतात. घनकचरा दोन दारांच्या ऑटोक्लेव्हमधून बाहेर येतो. त्याचे एक दार आत, एक बाहेर. वाफेने निर्जंतुकीकरणाचे चक्र पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचे दार उघडतच नाही.

यात ढिलाई झाली तर काय होते ते ब्रिटनमधीलच पिरब्राइट येथे ऑगस्ट २००७ मध्ये दिसले. तिथल्या संशोधन संकुलाजवळच्या गोठ्यांत जनावरांना लाळ्या-खुरकत रोग झाला. विषाणू संकुलातलाच होता. तपासात हवेच्या गाळण्यांवर नव्हे, तर जमिनीखालच्या सांडपाण्याच्या जुन्या वाहिन्यांवर बोट ठेवले गेले. वाहिन्यांना तडे होते, मॅनहोल नीट बंद नव्हते. जुलैमध्ये मुसळधार पाऊस झाला, दूषित पाणी मातीत मिसळले आणि संकुलात सुरू असलेल्या बांधकामाच्या वाहनांच्या चाकांना लागून ती माती बाहेर गेली, हा सर्वांत शक्य मार्ग मानला गेला. या वाहिन्यांची दुरुस्ती आणि तिचा खर्च कोणी करायचा, यावर आधीपासून खल सुरू होता. संकुल एकापेक्षा अधिक संस्थांचे होते आणि वाहिनी सामाईक. सोसायटीच्या सामाईक ड्रेनेजचा खर्च कोणत्या विंगने द्यायचा यावर सभेत वाद झालेला ज्याने पाहिला आहे, त्याला हा प्रकार लगेच कळेल.

वीज गेली तर?

या इमारतींचा आराखडा करताना हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर ठेवावा लागतो. दाबाची उतरंड पंख्यांवर अवलंबून असते आणि पंखे विजेवर. म्हणून महावितरणसारख्या पुरवठ्याबरोबर डिझेल जनरेटर आणि जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांसाठी यूपीएस ठेवतात. हवा ओढणारे पंखेही जोडीने असतात. एक बंद पडला की दुसरा सुरू होतो.

यातली खुबी क्रमात आहे. समजा हवा बाहेर ओढणारा पंखा बंद पडला आणि आत ढकलणारा सुरूच राहिला, तर खोली फुग्यासारखी भरेल आणि दूषित हवा फटींतून बाहेर पडू शकेल. म्हणून यंत्रणा अशी बांधतात की ओढणारा पंखा थांबताच ढकलणाराही आपोआप थांबतो आणि डक्टमधील हवाबंद झडपा मिटतात. सगळेच बंद पडले तरी खोली स्थिर, बंद डब्यासारखी राहते. सूटमध्ये असलेल्या माणसाला बाहेर पडेपर्यंत पुरेल इतकी हवा राखीव टाक्यांतून मिळते. यंत्र बिघडणारच, हे गृहीत धरायचे आणि ते सुरक्षित बाजूला बिघडेल अशी रचना करायची, हे सूत्र.

आणि शेजारून मेट्रो गेली तर?

शहरातील संशोधन इमारतींना एक वेगळा त्रास असतो : कंपन. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्रांना माणसाला न जाणवणारा थरथराटही चालत नाही. रेल्वेच्या विजेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्रही प्रतिमा बिघडवते. लंडनमधील फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट हे याचे ठळक उदाहरण. सुमारे ६५ कोटी पौंड खर्चून उभारलेली आणि २०१६ मध्ये सुरू झालेली ही जैववैद्यकीय संशोधन संस्था सेंट पँक्रास रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे. परिसराखालून भुयारी रेल्वे जाते. इथे चौथ्या पातळीचे काम होत नाही, तरी आराखड्यात रेल्वेचे कंपन आणि विद्युतचुंबकीय अडथळा यांचा मोठा विचार करावा लागला. इमारतीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीखाली आहे. त्यामुळे संवेदनशील यंत्रांना स्थिर जागा मिळाली आणि इमारतीची उंची आटोक्यात राहून शेजाऱ्यांच्या उजेडावर फार अतिक्रमण झाले नाही. वातानुकूलनाची अवजड यंत्रे वळणदार छपराखाली झाकली आहेत.

आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर या तिन्ही शहरांत मेट्रोचे जाळे वाढते आहे. त्यामुळे जागा निवडतानाच कंपनांची मोजणी आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत शेजारी काय येऊ शकते याचा अंदाज, दोन्ही लागतात.

इमारत उभी राहिली की काम सुरू होते का?

नाही. बांधकाम संपल्यावर सुरू होतो तो चाचण्यांचा काळ. प्रत्येक गाळणी, दार, झडप, अलार्म तपासायचा. मुद्दाम वीज घालवून पाहायची, पंखा बंद पाडून पाहायचा आणि प्रत्येक वेळी दाबाची नोंद ठेवायची. मग कर्मचाऱ्यांचा सराव, आधी जंतूंशिवाय, मग कमी धोक्याचे जंतू घेऊन. सुरू झाल्यावरही दरवर्षी काही काळ प्रयोगशाळा पूर्ण निर्जंतुक करून, बंद ठेवून देखभाल करावी लागते.

खर्चाचे गणित इथेच अडते. बांधकामाचा निधी एकदाच मिळतो. त्याचे भूमिपूजन होते, फीत कापली जाते, छायाचित्रे येतात. गाळण्या, सील, जनरेटरचे डिझेल, प्रशिक्षित तंत्रज्ञांचे पगार आणि न थांबणारे वीजबिल यांचा निधी मात्र दरवर्षी लागतो आणि त्याचे उद्घाटन कोणी करत नाही. पिरब्राइटची वाहिनी एका दिवसात फुटली नव्हती. ती वर्षानुवर्षे जुनी होत गेली होती.

शेजाऱ्यांना विचारले नाही तर काय होते?

अमेरिकेतील बॉस्टनचे उदाहरण बोलके आहे. बॉस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय परिसरात, साउथ एंड आणि रॉक्सबरी या दाट वस्त्यांच्या सीमेवर बीएसएल-४ सह संशोधन इमारत बांधण्यासाठी २००३ मध्ये केंद्रीय आरोग्य संस्थेने निधी मंजूर केला. रहिवाशांनी विरोध केला. कमी धोक्याच्या, कमी वस्तीच्या जागेशी तुलना का केली नाही? गरीब आणि कृष्णवर्णीय वस्तीच का निवडली? सर्वांत वाईट प्रसंगाचा अभ्यास कुठे आहे? असे त्यांचे प्रश्न होते. त्यातच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेत २००४ मध्ये तीन संशोधकांना टुलारेमिया या जिवाणूजन्य आजाराची लागण झाली होती आणि ती बातमी लोकांना २००५ मध्ये कळली. अविश्वास वाढायला तेवढे पुरे होते.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये पर्यावरणीय परीक्षण अपुरे असल्याचा निर्णय कायम ठेवला. त्याच सुमारास राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही सरकारी जोखीम अभ्यास भक्कम आणि विश्वासार्ह नसल्याचे म्हटले. इमारत २००८ च्या सुमारास तयार झाली, पण सुधारित जोखीम अभ्यास २०१२ मध्ये आला आणि बीएसएल-४ ला शहराच्या आरोग्य आयोगाची परवानगी डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली. म्हणजे तयार इमारतीच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाला सुरू होण्यासाठी सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. आधी विचारायला जो वेळ लागला असता, त्यापेक्षा बराच अधिक वेळ नंतर उत्तरे देण्यात गेला.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

धोकादायक सूक्ष्मजीवांसाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. त्यानुसार अशा संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. याच नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीचीही तरतूद आहे. अशा ठिकाणांची पाहणी करणे आणि अपघात झाल्यास परिसरासाठीचा आपत्कालीन आराखडा तयार ठेवणे, ही तिची जबाबदारी. जैवतंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत वरच्या पातळीच्या प्रयोगशाळांच्या प्रमाणीकरणाची पद्धतही दिलेली आहे.

पण जागा ठरताना रहिवाशांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती जवळपास नाही. पर्यावरणीय परिणामांबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार इमारत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अट २० हजार चौरस मीटर बांधकामापासून लागू होते आणि या गटाला जनसुनावणीतून सूट आहे. धोका चौरस मीटरवर ठरत नाही, नियम मात्र तसे मोजतो. त्यामुळे आकाराने लहान, पण पातळीने सर्वोच्च अशी प्रयोगशाळा कोणतीही जनसुनावणी न होता उभी राहू शकते.

पुढे काय?

नागपुरात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ’ची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. त्या वेळी प्रकल्पाचा खर्च ११० कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आला होता. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र अभ्यास हा संस्थेचा उद्देश आहे आणि त्यात बीएसएल-४ प्रयोगशाळेचा समावेश आहे. दुसरीकडे फिरत्या प्रयोगशाळांचा पर्यायही आला आहे. बसवर उभारलेली बीएसएल-३ प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकमध्ये सुरू करण्यात आली आणि २०२३ मधील निपाच्या साथीत फिरती प्रयोगशाळा केरळमधील कोझिकोडला पाठवण्यात आली. मात्र निपासारख्या विषाणूवर सखोल संशोधन करायचे तर पक्क्या इमारतीला पर्याय नाही.

अशा इमारती लागणार आहेत आणि त्या बहुधा शहरातच असणार आहेत. त्यामुळे ‘प्रयोगशाळा हवी की नको’ यापेक्षा नागरिकांनी विचारायचे प्रश्न अधिक नेमके आहेत. देखभालीसाठी स्वतंत्र वार्षिक तरतूद आहे का? शेवटची गाळणी-चाचणी आणि दाब-चाचणी कधी झाली? सांडपाण्याची वाहिनी कोणाच्या ताब्यात आहे आणि तिची तपासणी कोण करते? जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा आपत्कालीन आराखडा तयार आहे का आणि जवळच्या रुग्णालयाला, अग्निशमन केंद्राला तो ठाऊक आहे का? यातल्या कोणत्याही उत्तराने विषाणूंची साठवणूक किंवा सुरक्षाव्यवस्था उघड होत नाही. वर्षातून एकदा ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर टाकायला वेगळा कायदाही लागत नाही. सूस रस्त्यावरच्या रहिवाशाला ती मिळाली, तर नागपुरातल्या रहिवाशाला बांधकाम पूर्ण होण्याआधीच ती मागता येईल.